लाल फुली

आमच्या दुकानात लाल खडू फक्त माझ्या खिशात असतो. दुकान आधी वडिलांचं, मग माझं, आणि टायर संपला की नाही हे गेली बत्तीस वर्षं मीच ठरवते. मी एकदा फुली मारली की तो टायर पुन्हा गाडीला लागत नाही. गिऱ्हाईक "बाई, अजून दोन महिने जाईल हो" म्हणून गयावया करतं, कुणी आरडाओरडा करतं, मी ढिम्म हलत नाही. रिमवरून उतरवते आणि बाजूने सुरी फिरवते, म्हणजे भंगारातून उचलून कुणी दुसऱ्याच्या गळ्यात मारायला नको. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, त्यांना आजही चाक बदलता येत नाही. मुलगा त्यांच्यावर गेला. त्यामुळे या घरात टायरमधलं कळणारी मी एकटीच, असं मी धरून चालले होते.

मग सून आली.

ती औषधांच्या दुकानात आहे. मोजायचं, लिहायचं, पुन्हा मोजायचं, हा तिचा स्वभावच. बोलते मोजकं. लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर मला कळलं, की ही बाई महिन्यातून एक रविवार आपली एवढीशी गाडी घेऊन गावाबाहेरच्या ट्रॅकवर जाते. तिथे हौशी लोकांना दिवसभर ट्रॅक मोकळा देतात. हेल्मेट घालायचं आणि गाडी पळवायची. मुलाला माहीत होतं, यांना माहीत होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. का, तर म्हणे आई चिडेल! अरे, चिडेन नाही तर काय करेन? माझ्या घरात गाडी पळतेय आणि टायरवालीलाच पत्ता नाही.

हंगामाच्या शेवटच्या रविवारच्या चार दिवस आधी ती संध्याकाळी दुकानात आली. क्लबात छोट्या गाड्यांचा चौघांचा संघ निवडायचा होता. एक फेरी एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आत काढली तर संघात, नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. तिची सगळ्यात चांगली फेरी होती एक चाळीस पॉइंट चार. अर्ध्या सेकंदाने घोडं अडलं होतं.

"आई, टायर निवडायचेत," ती म्हणाली. "मदत कराल?"

घरातलं कुणी टायरबद्दल मला विचारायला येण्याची ही पहिलीच वेळ. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. तिने वही उघडली आणि "मला वाटतं रुंदी आहे तीच ठेवावी, गाडी हलकी आहे, शिवाय..." असं काहीतरी सुरू केलं.

"वही मीट," मी म्हटलं. "टायर माझ्यावर सोड."

दुकानातले सगळ्यात भारी टायर काढले मी. रुंद, कोरे करकरीत, नक्षी आठ मिलीमीटर खोल. त्यांच्यासाठी रुंद रिमही बसवले. जुनी चारही चाकं रिमसकट काढून भिंतीला लावली, मापक घातलं, नक्षी तीन मिलीमीटर. तीन म्हणजे माझ्या दुकानात बाद. खसाखस चार फुल्या मारल्या.

"आई, हे एवढ्यात कापू नका ना," ती हळूच म्हणाली.

"फुली मारलीय मी," मी म्हटलं. कापायचं मात्र सोमवारवर ठेवलं. तिने वही पिशवीत टाकली. मला वाटलं, पटलं.

रविवारी मी पण गेले. दुकानाची व्हॅन काढली, जॅक, पाने, हवेचा पंप, सगळं घेतलं. मुलगा शेजारी बसला. बत्तीस वर्षांत एक रविवार दुकान बंद ठेवलं, ते सुनेसाठी. हे मी वाटेत मुलाला तीनदा ऐकवलं.

सकाळच्या पाळीत तिची फेरी आली एक त्रेचाळीस. मला वाटलं घड्याळ बिघडलं. दुसरी आली एक बेचाळीस पॉइंट आठ. जुन्या झिजलेल्या टायरवर चाळीस, आणि माझ्या कोऱ्या टायरवर बेचाळीस! गाडी आत आली तेव्हा मी आधी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा बघितल्या. नक्षीचे ठोकळे फाटून कडेला रबराची साल निघाली होती. एका सकाळीत. चार दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हाताने चढवलेले टायर.

ती उतरली, खाली बसली आणि व्हॉल्व्हला बोट लावून हवा सोडायला लागली.

"अगं अगं अगं!" मी ओरडले. "गरम टायरची हवा कधी काढतात का? दुकानात भिंतीवर लिहून ठेवलंय मी!"

"रस्त्यासाठी बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "रस्त्यावर टायर गार होतो, मग हवा कमी पडते. इथे तो गरमच राहणार. म्हणून गरम असतानाचीच हवा मोजायची."

मुलगा चहाचे पेले घेऊन आला. "जाऊ दे ना," म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेले ठेवून लांब जाऊन उभा राहिला.

"खरं सांग," मी सुनेला म्हटलं. "माझे टायर चुकले?"

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट वाटलं तर ओरडेन. त्याची तुला आता सवय झालीय. बोल."

मग तिने तोंड उघडलं, आणि गेल्या वर्षभरात बोलली नसेल इतकं सलग बोलली. कोऱ्या टायरचे ठोकळे उंच असतात. पावसात पाणी कापायला तेच हवेत. पण ट्रॅकवर प्रत्येक वळणाला ते वाकतात, वाकून तापतात, आणि गाडी जागच्या जागी डुलते. झिजलेल्या टायरचे ठोकळे बुटके, ते वाकत नाहीत. आणि तिच्या गाडीचं इंजिन एवढंसं, त्याला रुंद चाकं म्हणजे नुसतं ओझं. सगळं तिने वहीत लिहिलेलं होतं, आकड्यांसकट. मी जे पान मिटायला लावलं, त्याच पानावर.

मी बत्तीस वर्षं टायर विकते. यातला शब्दन् शब्द खरा आहे हे मला ऐकता ऐकता कळलं, आणि माझाच मला राग आला. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी विचारते, गाडी कुठे चालवणार, कोण बसणार. हिलाच तेवढं विचारलं नव्हतं.

"माहीत होतं तर घेतलेस कशाला?"

ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी निवडलं होतं," ती म्हणाली.

मी चहा प्यायले. गार झाला होता.

"जुने असते तर," मी म्हटलं, "पण ते तर दुकानात."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. मग माझ्या चिरंजीवांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि ताडपत्री बाजूला केली. चारही चाकं तिथे, माझ्या लाल फुल्यांसकट. पहाटे मी घरात डबे भरत असताना त्याने दुकानातून आणून एकट्याने व्हॅनमध्ये चढवली होती. जन्मात कधी स्टेपनी न उचललेल्या पोराने! त्याला रागवावं की त्याची दृष्ट काढावी, मला कळेना.

"ठीक आहे, पण आधी मी बघणार," मी म्हटलं. "मी नको म्हटलं तर नको."

एकेक चाक आडवं पाडून मी हात फिरवला. आतून, बाहेरून, कडेला. कुठे फुगवटा नाही, चीर नाही, तार दिसत नाही. नक्षी सगळीकडे सारखी, तीन मिलीमीटर. मी तीनवर फुली मारते ती का? माझी गिऱ्हाइकं भर पावसात मागे पोरं बसवून ऐंशीने जातात म्हणून. इथे पाऊस नव्हता, पोरं नव्हती, समोरून येणारं कुणी नव्हतं. माझी फुली रस्त्यासाठी शंभर टक्के बरोबर होती आणि या जागेसाठी शंभर टक्के चूक. मी पाना उचलला.

चाकं चढवून नट आवळते तोवर क्लबचे तपासनीस आले. सदा हातात टॉर्च, म्हणून त्यांना सगळे बॅटरी म्हणतात. गाडीचे टायर बदलले की त्यांनी बघितल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. त्यांनी टॉर्च मारला आणि थेट फुलीवर धरला.

"ही तर तुमच्या दुकानाची फुली, बाई," ते म्हणाले. "मागच्या वर्षी माझ्या गाडीला मारली होती. मी किती भांडलो, तुम्ही ऐकलं नाहीत."

"आठवतं."

"क्लबच्या नियमात तीन मिलीमीटर बसतात. पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तुमची फुली म्हणजे टायर मेला. अशी गाडी मी आत सोडली आणि काही झालं, तर मी काय सांगू?" त्यांनी तपासणीचा कागद पुढे केला. "तुम्हीच लिहून द्या."

शेवटच्या पाळीला वीस मिनिटं होती. आजूबाजूचे लोक कान टवकारून उभे होते, त्यातले निम्मे माझीच गिऱ्हाइकं. कुणीकुणी माझ्याशी हुज्जत घालून हरलेले. सुनेने माझ्या दंडाला हात लावला. "राहू द्या, आई. तुमचा शब्द जायला नको. मी पुढच्या वर्षी येईन."

माझा शब्द! म्हणजे ही गप्प का बसते ते आता कळलं मला. वर्षभर ही माझा शब्दच सांभाळत होती.

मी पेन घेतलं आणि गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: "टायर मी स्वतः तपासले. पावसाळी रस्त्यासाठी बाद. कोरड्या ट्रॅकसाठी उत्तम. फुली मारण्याआधी गाडी कुठे चालवणार हे मी विचारलं नाही. चूक माझी." खाली सही केली, दुकानाचं नाव घातलं.

बॅटरींनी मनात वाचलं. "मोठ्याने वाचा," मी म्हटलं, "हे सगळे मघापासून ताटकळलेत." त्यांनी वाचलं. कानशिलं तापली माझी, खोटं कशाला बोलू. पण मान काही खाली गेली नाही. मग ओलं फडकं घेऊन मी चारही फुल्या पुसल्या. पुसायची कशी, तेही माहीत नव्हतं, नुसता लाल चिखल झाला. दोनदा फडकं पिळावं लागलं.

"एक थेंब जरी पडला तरी आत यायचं," मी तिला म्हटलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. ती हसली, हेल्मेट घातलं आणि गेली.

मुलगा आणि मी कठड्याला टेकून उभे राहिलो. पहिली फेरी बेचाळीस, टायर अजून गार. दुसरी एक चाळीस पॉइंट सहा. तिने गाडी आत घेतली. ती दार उघडायच्या आत मी खाली बसून पुढच्या दोन्ही टायरना हवेचं मापक लावलं आणि बोटाने हवा सोडली. गरम टायरची. भिंतीवरच्या पाटीने माफ करावं. तिने वहीत लिहिलेला आकडा आला तसं बोट काढलं आणि टपावर थाप मारली.

पुढची एक चाळीस पॉइंट एक. मुलगा नखं खायला लागला. शेवटच्या फेरीला मी वेळेच्या फलकाकडे बघितलंच नाही, डोळे मिटून टायर ऐकले. सकाळी प्रत्येक वळणाला ते किंचाळत होते. आता एक बारीकशी तक्रार, बस्स, जेवढी चांगल्या टायरने करावी तेवढीच. लांबच्या वळणावर गाडी एकदासुद्धा डुलली नाही. मला न बघता कळलं.

"आई! आई, एकोणचाळीस!" मुलाने मला गदागदा हलवलं. "पॉइंट सात!"

मी अशी ओरडले की शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला. "माझी सून आहे!" मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं. पुढच्याला सांगितलं, त्यानेही विचारलं नव्हतं. "टायर तिने निवडले," हेही सांगितलं. "मी चुकीचे दिले होते, तिने बरोबर निवडले." ऊर नुसता भरून आला होता.

ती आत आली. लोक टाळ्या वाजवत होते, मुलगा हात हलवत होता. ती उतरली, हेल्मेट काढलं आणि फलकाकडे न बघता आधी पुढच्या टायरपाशी उकिडवी बसली. मी हे बघितलं मात्र, माझे डोळे भरले. बत्तीस वर्षं मी अशीच बसतेय, आणि माझ्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

मी जाऊन तिच्याजवळ बसले. टायरची कड चांगलीच खाल्ली गेली होती. सवयीने हात खिशात गेला, खडू निघाला. तो तिच्यासमोर धरला.

"तू बघ," मी म्हटलं.

तिने खडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात पॅंटला पुसले. नक्षीचं मापक घेऊन प्रत्येक टायर तीन जागी मोजला, वहीत लिहिला. पुढच्या दोन्हींवर दोन फुल्या मारल्या, जरा वाकड्या. मग मागच्या दोन्हींपाशी थांबली.

"हे अजून एक दिवस जातील," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मुलाने श्वास रोखला. मी तोंड मिटलं.

"कोरडं असेल तरच," ती म्हणाली आणि खडू मला परत द्यायला लागली.

"ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं. "उद्या मी माझ्यासाठी दुसरा आणते."