दोनपैकी एक

मी एक इंग्रजी शब्द आहे. अपिअरन्स म्हणतात मला. अर्थ साधा, वरून जसं दिसतं तसं. जन्म दूरदेशातला, पण सध्या मुक्काम दवनीवाड्याला. चंदाच्या घरी लसीकरणाच्या कार्डासोबत एका प्लास्टिकच्या पन्नीत राहतो.

माणसं मला निरनिराळ्या कामाला लावतात. कोर्टाच्या कागदावर मी म्हणजे हजेरी. शाळेत मी म्हणजे केस विंचरले का, कपडे धुतले का. मुलगी पाहायला येणारे माझं नाव घेत नाहीत, डोळ्यांनी मात्र मलाच मोजतात. आणि दवाखान्यात बाळ जन्मलं की पहिल्याच मिनिटाला मला मार्क मिळतो, दोनपैकी.

चंदाच्या मुलीच्या दवाखान्याच्या कागदावर माझ्यापुढे एक लिहिला होता.

चंदा सातवी शिकलेली. घरी आल्यावर तिनं एकेक अक्षर जुळवून मला वाचलं. मग पुतणी टीनाची डिक्शनरी उघडली. 'रूप, दिसणे.' झालं. पोरगी सावळी, म्हणून मार्क काटला, असं तिनं धरलं आणि पुढचं काही वाचलंच नाही.

"कायले रडून राहिली वं?" सासू सुशीलाबाईनं विचारलं.

"दवाखान्यात रूपाचा मार्क काटला, आत्या."

"मंग? पोट्टीले का सिनेमात धाडाची हाये?"

सासू हसली. चंदाला हसू आलं नाही. बारसं चार दिवसांवर. बायका येणार, तोंड पाहणार. ती बाळाला दिवसभर दुपट्यात झाकून ठेवू लागली, आणि वरून पावडर, थरावर थर. बाळ शिंकायचं. मी पन्नीतून पाहत होतो. मला कुणीही वाचावं, पण मला बोलता कुठं येतं?

तिसऱ्या दिवशी गावातली आशा सेविका नंदाबाई बाळाचं वजन करायला आली. दुपटं उघडलं आणि थांबली.

"येवढी पावडर काऊन? नाकात जाते ना ते."

चंदानं कागद पुढं केला.

"हे रूपाचं नाही, बाई. पोट्टी निळी हाये का गुलाबी, ते पायतेत. सावळ्या लेकराचे तळवे पायतेत, ओठ पायतेत. जन्मली तवा हातपाय निळे होते, म्हून एकच मार्क. हा पहिल्या मिनिटाचा रकाना. बाजूचा वाच."

बाजूला पाचवं मिनिट होतं. त्यात दोन.

"मंग आता बरी हाये ना?" चंदानं हळूच विचारलं.

"तूच पाय."

चंदानं मुलीची मूठ उघडली. तळवा गुलाबी होता. तिनं ओल्या फडक्यानं पावडर पुसली, कानामागचीसुद्धा.

बारशाला एक बाई म्हणालीच, "रंग बापाचा घेतला."

"हो, बापाचाच," चंदा म्हणाली आणि दुसऱ्या बाईच्या मांडीवर बाळ दिलं.

वाचकहो, मी कुठं भेटलो आणि जीव धास्तावला, तर एकट्यानं रडत बसू नका, कुणाला तरी विचारा. माझ्या वतीनं नंदाबाई बोलली, म्हणून त्या घरात बाळाचा चेहरा उघडा राहिला. तिचे उपकार मी विसरणार नाही.