दारावरून पुढे

शर्यतीचा इतिहास लिहिणारा तो माणूस पुन्हा आमच्या दुकानात आला, तेव्हाच मी ओळखलं की याच्या मनात काहीतरी आहे. सायकलच्या दुकानात येऊन जो एकाही सायकलला हात लावत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

बाबा मात्र खुलले होते. त्यांनी जिंकलेली मोठी शर्यत ती एकच. आठवडाभर चालणारी, रोज नवा टप्पा, नवा घाट. एका वर्तमानपत्राने खप वाढावा म्हणून ती सुरू केली होती. पुढे वर्तमानपत्र बुडालं, शर्यत तेवढी राहिली. आता तिच्यावर जाडजूड पुस्तक निघणार होतं आणि त्यात बाबांवर अख्खं प्रकरण असणार होतं. गुडघे गेल्यापासून त्यांच्याजवळ मिरवायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्या प्रकरणात ते विजेते ठरतात की दगाबाज, याची मला धास्ती होती.

कारण या शर्यतीत एक रीत होती. रस्ता एखाद्या स्वाराच्या गावातून जात असला, की सगळा घोळका वेग कमी करायचा आणि त्याला एकट्याला पुढे सोडायचा. त्याने घरापाशी उतरायचं, बायकापोरांना भेटायचं आणि मागून घोळका आला की त्यात मिसळायचं. ही सवलत घेऊन कुणी पळून जात नसे. बाबा गेले. शेवटच्या टप्प्याला सगळ्यांनी त्यांना पुढे सोडलं आणि ते आमच्या दारावरून सरळ निघून गेले ते शर्यतच जिंकून बसले.

त्यांचं म्हणणं असं, की दार बंद होतं. मंडळी चौकात असतील असं वाटलं म्हणून पुढे गेलो, तिथल्या गर्दीतही दिसेनात. शोधता शोधता गाव संपलं, मागे कुणी नाही, मग थांबून करायचं काय? सगळं गाव चौकात लोटलेलं, त्यामुळे दाराची साक्ष द्यायला कुणी नव्हतं. पंचांनी त्यांचं ऐकलं. बरोबरच्या स्वारांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानंतर त्यांच्यापैकी एकही आमची पायरी चढला नाही.

आईने मात्र एकदा भांडी पुसता पुसता मला वेगळंच सांगितलं होतं. "दार उघडं होतं गं. तुला घेऊन मी पायरीपुढेच उभी होते. यांच्या डोळ्यात घाम गेला असेल, दिसले नसेन. यांना कधी बोलले नाही मी. उगीच जन्मभर चुटपुट लागली असती."

आई अशीच आहे. कुणी तिच्या डोळ्यांत धूळ फेकली, तर ती म्हणेल, वारा सुटला असेल. माझ्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती, पण तिच्यासमोर तसं बोलायचा धीर कधी झाला नाही.

त्या दिवशी लेखकाने पिशवीतून एक फोटो काढून कामाच्या टेबलावर ठेवला. आमच्या घरालगतच्या बोळातल्या कुणी म्हाताऱ्या छायाचित्रकाराच्या ट्रंकेत सापडला म्हणे. फोटोत आमची पायरी, तिच्यापुढे येऊन उभी राहिलेली पाठमोरी बाई, तिच्या खांद्यावरून मागे बघणारं टकलं पोर आणि तिच्यापलीकडे हँडलवर वाकलेले बाबा. ते पोर मीच. असे कान आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी हळूच केस कानांवर ओढून घेतले.

"काकू, या तुम्हीच ना?" त्याने चहा घेऊन आलेल्या आईला विचारलं.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आईने फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. "छे हो. शेजारची असेल कुणी. मी मागे कपडे वाळत घालत होते. दार बंदच होतं."

आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि किती सफाईने बोलली! लेखक थोडा वेळ घुटमळला. "मग तसंच छापतो," म्हणाला आणि फोटो पिशवीत टाकून पायऱ्या उतरला.

बाबा स्टुलावर मटकन बसले. हसायलाच लागले.

"वाचवलंस गं बाई! बरं झालं पाठमोरी आलीस ते. समोरून काढला असता, तर तू माझ्यापुढे धरलेलं ते सोललेलं संत्रंसुद्धा दिसलं असतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि अंगावर काटा आला.

"संत्र्याचं मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "हिलासुद्धा नाही."

"अगं, ते... तेव्हा बोलली असशील कधीतरी."

"तुम्हाला? दारातच नव्हते ना मी?"

बाबांनी पाना उचलला, परत ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काहीही मदत केली नाही.

आईने पदराला हात पुसले आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. इतक्या मोठ्याने हाक मारताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"अहो लेखक! थांबा जरा. तो फोटो परत दाखवा. मघाशी मी चष्मा लावला नव्हता."