गॉरिंजबाईंच्या आवारातली खूण

निवृत्त झाल्यावर कोणी गुलाब लावतं, कोणी बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतं. आमच्या कुराबिन गावातल्या डडली पास्क आणि ऑझी ट्रेंबाथ या दोघांनी रानात जाऊन मोजणीच्या खुणा शोधायला घेतल्या. डडली दातांचा डॉक्टर होता, ऑझीचं खाटकाचं दुकान होतं. जुन्या काळी सर्व्हेअर लोकांनी हा सगळा मुलूख पायी हिंडून मोजला, तेव्हा ठिकठिकाणी खुणा करून ठेवल्या होत्या. कुठे खडकात कोरलेला बाण, कुठे तांब्याची मेख, कुठे झाडाच्या बुंध्यावर घातलेला घाव. पुढे मोजणी आकाशातून व्हायला लागली आणि त्या खुणा रानानं गिळून टाकल्या. त्या पुन्हा हुडकायच्या, एवढाच हा छंद. सापडल्यावर करायचं काय, तर काही नाही. हात लावायचा, फोटो काढायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि घरी यायचं.

मी लॉर्ना. मी शाळेची बस चालवायचे. चिखलातून, दगडगोट्यांतून जाणारी गाडी माझ्याकडे आहे, आणि मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांना गप्प बसवायचा दांडगा अनुभवही आहे. या दोघांना दोन्हीची गरज होती.

दोघांत चुरस अशी, की खूण दिसली रे दिसली की साठी उलटलेले हे गृहस्थ काटेरी झुडपांतून धावत सुटायचे. कारण नियम एकच होता: ज्याचा हात लागला, त्याची खूण. नुसती पाहिली तर ती धरायची नाही. हा नियम डडलीनेच केला होता, आणि त्यानेच तो पुढे चांगला भोगला.

पर्सिव्हल टेकडीवरची खूण त्याला सगळ्यात हवी होती. जुन्या नकाशावर तिथे ठसठशीत त्रिकोण होता. आम्ही ती टेकडी पालथी घातली. ऑझीला मुंगळे चावले, मला जळवा लागल्या, डडली एका वॉम्बॅटच्या, म्हणजे जमीन उकरून राहणाऱ्या लठ्ठ जनावराच्या, बिळात मांडीपर्यंत गेला. खूण काही मिळेना.

"नकाशाच चुकलाय," ऑझी म्हणाला.

"नकाशा चुकत नाही, बघणारा चुकतो," डडली म्हणाला.

"हो का? मग तूच बघतोयस ना मघापासून, लेका!"

शेवटी डडलीने हातातल्या, जागा दाखवणाऱ्या यंत्रावर पुन्हा आकडे जुळवले, तेव्हा असं निघालं की खूण माथ्यावर नाहीच. टेकडीच्या खांद्यावर थेल्मा गॉरिंजबाईंचं शेत आहे, त्यांच्या आवारात कुठेतरी आहे. ते ऐकून डडलीचा चेहरा पडला. का, ते मला माहीत होतं. सगळ्या कुराबिनला माहीत होतं.

ऑझीने मात्र तोवर थर्मास जवळजवळ रिकामा केला होता. "मला त्यांच्याकडे जावंच लागणार," पायाला पायाचा तिढा घालत तो म्हणाला. "खुणेसाठी नाही."

गॉरिंजबाई घेवड्याला पाणी घालत होत्या. वयाने ऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटक. ऑझीला बघून त्यांनी पाइप खाली केला.

"ऑझी ट्रेंबाथ! तू दुकान बंद केलंस तेव्हापासून धड सॉसेज म्हणून खाल्लं नाही मी. काय काम काढलंस?"

"थेल्मा, अवघड आहे गं सांगायला. संडास कुठेय?"

"मागे. जा. दार जरा उचलून ओढ."

गॉरिंजबाईंच्या घरात संडास नव्हता. जिथे जेवायचं त्याच छपराखाली ते, हा विचारच त्यांना किळसवाणा वाटे. म्हणून परसात लाकडी खोपटं होतं, आत बसायची पेटी, खाली डबा, जुन्या पद्धतीचा. ऑझी आत गेला.  मग एकदम आतून आरोळी आली.

"सापडली!"

"काय सापडलं त्याला तिथे?" बाईंनी मला विचारलं.

ऑझी पट्टा आवळत बाहेर आला. चेहऱ्यावर असं तेज, की जणू आत त्याला देवच भेटला. "डडली, खोपट्याला फरशीच नाही! खाली सगळा खडक. आणि मी बसलो, सहज खाली बघितलं, तर माझ्या दोन बुटांच्या मधोमध बाण! त्याच्या टोकाला तांब्याची मेख! हात लावला मी. दोन्ही हात लावले!"

"धुतलेस का?" मी विचारलं.

डडली एव्हाना खोपट्याकडे निघाला होता. तेवढ्यात बाईंनी पाइप वर केला.

"पास्क. कुठे निघालास?"

"मिसेस गॉरिंज, मलाही जरा... घाई आहे."

"मग धाव घरी."

सांगायचं म्हणजे, डडलीने फार वर्षांपूर्वी बाईंची दाढ काढली होती. किडलेली राहिली तशीच, आणि शेजारची धडधाकट होती ती आली. डडलीचं म्हणणं असं की तीही आज ना उद्या किडणारच होती. बाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं होतं, की हा माणूस माझ्या जमिनीवर टेकणार नाही. आता तो नेमका टेकायलाच आला होता.

"फक्त एक मिनिट," डडली काकुळतीला आला. "बसणारसुद्धा नाही मी. नुसता हात लावीन."

"कशाला?" बाई ओरडल्या. "अरे, माझ्या संडासात हात लावायला आलायस?" आणि त्यांनी पाणी सोडलं.

परतीच्या वाटेवर डडली निथळत होता आणि ऑझी फोनमधला फोटो आरशासमोर धरून मागे बसलेल्या डडलीला दाखवत होता. मी त्याला फोन खाली ठेवायला लावला. बसमध्ये लावायचे तसाच.

त्या आठवड्यात डडलीला जेवण गोड लागेना. मग एक दिवस तो माझ्याकडे आला. "लॉर्ना, त्या खोपट्याच्या मागच्या भिंतीला खाली झडपेसारखी उघडणारी फळी आहे. डबा काढायची. गुरुवारी बाई बाजाराला जातात."

"आणि?"

"डबा बाजूला ठेवायचा, फळीतून आत शिरायचं, पेटीच्या पुढच्या लाकडाखाली फट आहे, तिच्यातून हात घालायचा. झालं."

"डडली, तू शिकलेला माणूस आहेस रे!"

"म्हणूनच दार उघडं असताना फट आधी दुर्बिणीतून बघून आलोय."

मी त्याला समजवायला हवं होतं. पण मजा बघायला मिळणार असेल तर मी कुठेही गाडी नेते. ऑझीलाही घेतलं, कारण पहारा द्यायला कोणीतरी हवंच होतं, आणि बोलावलं नसतं तरी तो आलाच असता.

वसंत सुरू झाला होता, म्हणजे मॅगपाय पिसाळलेले. पिल्लांच्या दिवसांत हा पक्षी मागून येऊन माणसाच्या डोक्यावर चोच मारतो. डोळे दिसले तर मात्र जरा बिचकतो. म्हणून डडलीने आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घातला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन भलेमोठे डोळे रंगवले होते. ऑझी कुंपणापाशी राहणार आणि कोणी आलं तर कुकाबुरासारखा खो खो हसणार, असं ठरलं; त्या पक्ष्याची हाकच माणसाच्या हसण्यासारखी असते.

या बेतात एक खोट होती. तिथल्या झाडांवर खरेच कुकाबुरा होते. डडली फळीत डोकं घालतो न घालतो तोच एक हसला. डडली धडपडत बाहेर. पुन्हा आत गेला, दुसरा हसला. पुन्हा बाहेर. असं बऱ्याचदा झाल्यावर तो वैतागून म्हणाला, "आता मेला कितीही हसू दे, मी निघणार नाही!" आणि खांद्यापर्यंत आत घुसला.

बाईंचा गुडघा त्या दिवशी दुखत होता. त्या बाजाराला गेल्याच नव्हत्या. बगलेत वर्तमानपत्र धरून त्या स्वयंपाकघराच्या दारातून निघाल्या, तेव्हा ऑझी जीव तोडून हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. डडली ढिम्म.

आत काय झालं ते आम्हाला दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण सार एकच. बाई बसल्या, त्यांनी शब्दकोडं काढलं, आणि तेवढ्यात त्यांच्या सपातांच्या मधून एक हात आला. तो हात खडकावर इकडेतिकडे चाचपडत होता. वरचा उजेड एकदम गेला कसा, याचा विचार डडलीने केला नाही. ढग आला असेल, असं त्याला वाटलं म्हणे.

"घोरपड!" बाई किंचाळल्या आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणायला लागल्या. "मर मेले! मर!"

"आई गं!" घोरपड म्हणाली.

बाई ताडकन उठल्या आणि वळून त्यांनी भोकातून खाली बघितलं. खालून दोन थाळीएवढे डोळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आम्ही कुंपणाशी होतो, तरी त्या किंकाळीने माझ्या कानात दडे बसले. मग धाडकन झाकण पडल्याचा आवाज झाला. बाई त्यावर बसल्या होत्या.

"कोण आहे खाली? भूत का माणूस?"

"घाबरू नका," खालून घुमलेला आवाज आला. "अजिबात हलू नका. लगेच होईल."

बाई मान वाकवून ऐकू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा आवाज मी ओळखते. तुझ्या त्या खुर्चीत मला हेच सांगितलं होतंस. डडली पास्क!"

"मिसेस गॉरिंज, मी अडकलोय."

"छान झालं. बस तसाच."

"दम कोंडतोय हो माझा!"

"एक दिवस मी पण तोंड उघडं ठेवून बसले होते तुझ्यापुढे. बोल. कोणती दाढ काढायची होती?"

 बाहेर तेवढ्यात फळीतून लोंबणाऱ्या डडलीच्या अर्ध्या अंगाचा मॅगपायला शोध लागला होता. रंगवलेले डोळे होते आत. बाहेर नुसता पार्श्वभाग होता, आणि त्याला कसलेच डोळे नव्हते.

"आई आई आई! मागची! मागची दाढ काढायची होती!"

"आणि काढलीस कोणती?"

"पुढची! चुकलं माझं! लॉर्ना, अगं त्या पाखराला हाकल!"

"मोठ्याने म्हण. ऑझीला ऐकू जाऊ दे."

"मी चुकीची दाढ काढली!" डडली असा ओरडला की झाडावरचे कुकाबुरा गप्प झाले.

ऑझी गवतावर आडवा पडून डोळे पुसत होता. मी त्याला उठवलं. एक पाय त्याने धरला, एक मी. डडली येईना. बाईंनी मग स्वतः घरातून मटणाच्या चरबीचं भांडं आणलं आणि ऑझीने फळीच्या कडेने ती हात भरभरून माखली.

"जन्मभर हेच केलं मी," तो म्हणाला, "पण गिऱ्हाईक एवढं ओरडत नव्हतं कधी." आणि एक हिसका दिला. डडली बाहेर आला. शर्ट आत राहिला.

गवतावर बसलेल्या त्या तेलकट, उघड्याबंब माणसाकडे बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या तोंडातली ती जुनी फट आम्हाला दिसली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "असं आहे तरी काय माझ्या संडासात?"

डडलीने सांगितलं. तो चांगलं सांगतो, दातांबद्दल बोलत नसला की. इथे एक माणूस तंबू ठोकून राहिला, त्याने याच खडकावर यंत्र मांडलं, समोरच्या प्रत्येक टेकडीचा कोन घेतला, आणि रस्ते, शेतं, गावाची हद्द सगळं या खुणेवरून आखलं गेलं.

"वॉलीने इथे खोपटं उभारलं, कारण सपाट जागा तेवढीच होती," बाई म्हणाल्या. वॉली म्हणजे त्यांचे मिस्टर, ते जाऊन बरीच वर्षं झाली. "तो बाण कसला म्हणून विचारलं मी, तर म्हणाला, कुठे बघायचं ते कळावं म्हणून." मग त्या जरा ताठ झाल्या. "थांबा. म्हणजे सगळं कुराबिन माझ्या संडासापासून मोजलंय?"

"एका अर्थी, हो."

"नगराध्यक्षांचा बंगलासुद्धा?"

"तोसुद्धा."

बाईंचा गुडघा दुखायचा थांबला असावा. त्या तडक घरात गेल्या आणि फोनवर मैत्रिणीला ही बातमी सांगताना आम्हाला अंगणापर्यंत ऐकू येत होत्या.

अंगणात तेवढ्यात नवा वाद पेटला. चाचपडताना डडलीचा हात खुणेला लागला होता, पण ती त्याने पाहिली नव्हती. ऑझी म्हणे, न बघता हात लावला तो धरायचा नाही. डडली म्हणे, नियमात बघण्याचा शब्दच नाही. गाडीत बसेपर्यंत, आणि बसल्यावरही, हेच चाललं होतं. शेवटी मी गाडी थांबवून दोघांना दोन टोकांना बसवलं.

पुढच्या रविवारी गॉरिंजबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. टेबलावर त्यांच्या हातचे स्कोन, म्हणजे खुसखुशीत गोल पाव, होते, साय आणि जॅम. खोपट्याला नवा रंग दिला होता. खाण्याआधी त्या डडलीला म्हणाल्या, "जा. दारातून जा, माणसासारखा. दार उघडं ठेव."

डडलीने टोपी काढली आणि आत गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तो गुडघ्यांवर बसला, रुमालाने बाण पुसला आणि हात ठेवून तसाच राहिला. ऑझीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्यात स्कोन घातला.

"कोरीव काम फार सुबक आहे," बाहेर येऊन डडली म्हणाला. 

"असणारच," बाई म्हणाल्या. "बरं, पुढची खूण कुठली शोधायची? मी येणार आहे. लॉर्ना, पुढच्या सीटवर मी बसेन. आणि पास्क, तू हात धुतल्याशिवाय माझ्या टेबलाला शिवायचं नाही."