छत्रीच्या जागी पाणी

सूनबाईचं माहेर परक्या भाषेचं, आणि विहीणबाईंना तेवढी एकच भाषा येत होती. बाळंतपणाला त्या राहायला येणार म्हटल्यावर माईंनी ती भाषा शिकायला आधीपासूनच कॉम्प्युटरसमोर बैठक मारली. कॉम्प्युटर एक वाक्य म्हणे, माईंनी ते म्हणायचं. मग तो त्यातला एकच शब्द बदले, की पुन्हा म्हणायचं. "तुम्हाला छत्री हवी आहे का? तुम्हाला खुर्ची हवी आहे का?"

"पुरे ती पोपटपंची," नवरा म्हणे, "मला छत्री नको, जेवायला हवंय!"

दवाखान्यात सुनेला आत नेलं आणि बाहेर बाकावर विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. ओठ सुकलेले, डोळ्यांत पाणी. माईंना त्यांना पाणी विचारायचं होतं, पण तो शब्द काही केल्या आठवेना. तोंडातून घोकलेलंच निघालं, "तुम्हाला छत्री हवी आहे का?"

विहीणबाई बघतच राहिल्या. मग रडता रडता खुदकन हसल्या. माईंनी अंगठा तोंडाशी नेऊन पिण्याची खूण केली, तसा विहीणबाईंनी शब्द सांगितला. माईंनी छत्री काढून तो शब्द तिथे बसवला आणि सबंध वाक्य न अडखळता म्हटलं.

"हो," विहीणबाई म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्या भिंत, दिवा, चप्पल दाखवत एकेक शब्द सांगू लागल्या.

तासाभराने नर्सने येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं. विहीणबाईंना ते कळलं नाही. त्यांच्या भाषेत ती बातमी त्यांना माईंनीच दिली.