स्पंजाचं विरजण

कौसल्यानं माशांच्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज पिळला आणि काळं पाणी मोरीत गेलं. पुन्हा साबण, पुन्हा नळ, पुन्हा पिळणं. शेवटी स्पंज पिवळा निघाला. पिवळा! इतक्या वर्षांत तिनं त्याचा रंगच पाहिला नव्हता. नळाच्या पाण्याला आज ब्लीचिंग पावडरचा वास होता. बरंच झालं, जंतू मरतील. तिनं स्पंज चिमटा लावून तारेवर उन्हात टाकला. तिचे यजमान सर्जेराव बारामतीच्या दवाखान्यातून छातीला टाके घेऊन येणार होते. घरात घाण नको.

पाण्यात: ताक.

म्हणजे ताकासारखं काहीतरी. स्पंज परत बसवून तीन दिवसही झाले नव्हते आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. दवाखान्यातून सर्जेरावांचा फोन आला. माशांना ते पोरंच म्हणत.

"माझी पोरं जेवली का?"

"जेवली की," कौसल्या म्हणाली, आणि टाकीकडे पाठ केली.

मग तिनं पुण्याला विजयसिंहाला, मुलाला, फोन लावला.

"आई, साबणानं? अगं, त्या काळ्यातच जीव होता. माशांची घाण पचवणारे जंतू. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलका पिळायचा असतो."

"आता काय करू ते सांग. उद्या येतायत ते."

"निम्मं पाणी काढ, रांजणातलं शिळं घाल. खायला टाकू नको. आणि कुणाच्या तरी टाकीतला मळका स्पंज आण. विरजण लावतात तसं समज."

"कुणाच्या?"

डाळज गावात माशांची दुसरी टाकी एकच होती. भिंतीपलीकडे, दीर महिपतीकडे. दोघा भावांनी एकाच टेम्पोतून आणल्या होत्या. पुढं वाटणीत शेत फुटलं, विहीर फुटली, अंगणात भिंत आली. टाक्या तेवढ्या आधीच दोन होत्या.

पातेल्यात: काही नाही.

रिकामं पातेलं पदराखाली धरून ती भिंतीला वळसा घालून गेली तेव्हा दिवे लागले होते. धाकटी जाऊ माधवी दारातच उभी राहिली. या म्हणाली नाही.

"तुमच्या टाकीतला स्पंज पायजे व्हता. निम्मा. मळकाच."

"धुतला व्हय तुमी, आक्का?"

"साबणानं."

माधवीच्या ओठाची कड हलली. "तुमी मीठबी धुऊन घालाल."

कौसल्यानं पदराखालचं पातेलं पुढं केलं. 

"आन दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत. आत्याबाईंनीच शिकवलंय."

"व्हय, दोघींलाबी शिकवलंय." कौसल्यानं पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. "सकाळी हे येणार हायत. आल्या आल्या टाकीपुढं बसतील. मेलेली दिसली तर..."

माधवीनं तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि आत गेली. कात्रीचा आवाज आला. ती परतली तेव्हा हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता.

"पातेलं सांडलं असतं. राहू द्या हितंच. टाकीच्याच पाण्यात बुडवलाय, कोरडा पडू देऊ नका. आन आक्का..."

"न्हाय धुणार."

डब्यात: काळं पाणी, निम्मा स्पंज.

सकाळी पाणी अजून गढूळच होतं, पण मासे खाली उतरले होते. सर्जेराव टाके ताणू नयेत म्हणून उशी छातीशी धरून टाकीपुढं बसले. फिल्टरमध्ये निम्मा स्पंज पिवळा, निम्मा काळा. त्यांनी काचेवरून त्या काळ्या निम्म्यावर बोट टेकवलं. कौसल्या चुलीपाशी उगाच खुडबुड करत होती.

"महिपतीची पोरं बरी हायत का?" त्यांनी विचारलं.

"विचारलं न्हाय."

"मग विचार की."

तिनं घासून पालथा घातलेला डबा उचलला. रिकामं भांडं परत द्यायची या घरात रीत नव्हती. त्या घरातही नव्हती, आणि तिचं पातेलं अजून तिकडंच होतं.