पितळी खुंट्या

पंखा अर्धा वळसा घ्यायचा आणि थांबायचा. अण्णांनी कॉम्प्युटरचं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आतला पंखा दचकल्यासारखा हलला आणि गप्प झाला. पडद्यावर नुसता काळोख.

"काय झालं?" आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला.

"काही नाही. होतंय."

हेच उत्तर त्यांनी अकरा वाजता दिलं होतं, बारा वाजता दिलं होतं, आणि आता सव्वा वाजत आला होता.

सून घरी बसून भाषांतरं करायची. कुठल्याशा कारखान्यातल्या यंत्रांचं माहितीपुस्तक, एकशे वीस पानं, आज पाच वाजायच्या आत पाठवायचं होतं. गिऱ्हाईक नवीन. हे काम वेळेत गेलं तर वर्षभराचं काम देऊ, नाही गेलं तर पुन्हा विचारू नका, असं त्याने सरळ कळवलं होतं. चार पानं राहिली होती, आणि एकदा सगळ्यावरून नजर फिरवायची होती. ती एकशे सोळा पानं या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात. दुसरीकडे कुठेही नाहीत.

काल संध्याकाळी जळका वास आला आणि बारा वर्षांचा तो कॉम्प्युटर बसला. सकाळी सून जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराकडे धावली. तो म्हणाला, पॉवर सप्लाय गेलाय, आणि तुमच्या डब्यात बसेल असा सप्लाय आता कुणी बनवत नाही. हा मोठा डबा घ्या, सप्लायसकट, वापरलेला आहे पण चांगला आहे. तुमचा बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, यात हलवायचा, बस. उद्या संध्याकाळपर्यंत हलवून देतो.

"उद्या?" घरी येऊन सून मटकन खुर्चीत बसली.

"उद्या कशाला?" अण्णा उठलेच. "चाळीस वर्षं पंप उघडलेत मी. एक पाटी काढायची आणि दुसरीकडे बसवायची. दोन तासांचं काम."

"इस्त्रीपण दोन तासांचंच काम होतं," माई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "अजून डाव्या बाजूनेच तापते."

पण नवा माणूस बोलवायला हाताशी पैसे नव्हते आणि वेळ तर त्याहून नव्हता. सुनेने मान डोलावली होती.

काम त्यांनी मन लावून केलं होतं. आधी कागदावर वायरींचं चित्र काढलं, कुठली कुठे. बोर्ड जुन्या डब्यातून सोडवला, ब्रशने धूळ झाडली. नव्या डब्यातल्या पत्र्याला आट्यांची नऊ भोकं होती, आणि सोबत पिशवीत छोट्या पितळी खुंट्या. या खुंट्यांवर बोर्ड अधांतरी बसतो, पत्र्याला टेकत नाही, एवढं त्यांना बघताक्षणी कळलं. त्यांनी नऊच्या नऊ भोकांत खुंट्या पिळल्या, बोटाने घट्ट, मग पान्याने आणखी घट्ट. रिकामं भोक अण्णांना बघवत नसे. पंपाला एक बोल्ट कमी लावला की दुसऱ्या दिवशी गळती लागायची आणि मुकादम सगळ्यांदेखत विचारायचा, हा कुणाचा हात? बोर्ड वर ठेवला, त्याच्या सहा भोकांतून सहा स्क्रू लावले. बाकीच्या तीन खुंट्या बोर्डाखाली झाकल्या गेल्या. आधाराला बऱ्या, असं त्यांना वाटलं. मग पुढे वायरी आल्या आणि ते विसरून गेले.

आता ते उठत होते, बसत होते, चष्मा पुसत होते. सगळ्या वायरी त्यांनी दोनदा काढून दोनदा लावल्या. मेमरीची पट्टी काढून फुंकली. दारापर्यंत गेले, परत आले. हात धुतले, जे धुण्याइतके मळले नव्हतेच.

"पंप नाही हो तो," माई म्हणाल्या. "कितीही वेळ समोर बसलात तरी पाणी यायचं नाही त्यातून."

"तू गप्प बस जरा."

दोन वाजता सून बाहेर आली. तिने दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पंखा हलतो आणि थांबतो?" तो म्हणाला. "म्हणजे शॉर्ट होतंय कुठेतरी. सप्लाय स्वतःला वाचवतोय. आजोबा आहेत का? आजोबा, खुंट्या किती लावल्या?"

"असतात तितक्या," अण्णा म्हणाले.

"तसं नाही. बोर्डाला जिथे भोकं आहेत, तेवढ्याच ना? त्या पत्र्याला जास्तीची असतात, मोठ्या बोर्डांसाठी. जास्तीची खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकली की झालंच."

अण्णांना बोर्डाखाली झाकलेल्या तीन खुंट्या आठवल्या. सून त्यांच्याकडे बघत होती. माईंची विळी थांबली होती.

"हो, हो," अण्णा म्हणाले. "तेवढ्याच."

"मग सप्लायच बघावा लागेल."

"म्हणजे खराब सप्लाय गळ्यात मारलात आमच्या!" सून भडकली.

"वहिनी, दुकानात तुमच्यासमोर चालवून दाखवला."

"दुकानात चालतो आणि घरी चालत नाही? भंगार विकता तुम्ही, भंगार!" तिने फोन कापला. तिचे कान लाल झाले होते. "अण्णा, ती हार्ड डिस्क काढून द्या मला. मैत्रिणीच्या ऑफिसात जाते. तिथे जोडतील."

"किती लांब?"

"पाऊण तास. बस मिळाली तर."

अण्णांनी डिस्कचे स्क्रू सोडवायला घेतले. पहिला निघाला. डोक्यात विचार भिरभिरत होते. ती गेली की बोर्ड उचलायचा, तीन खुंट्या काढायच्या, परत बसवायचा. कुणाला कळणार नाही. ती परत आली की म्हणायचं, झाला बघ सुरू, सप्लायलाच काहीतरी होतं. दुसरा स्क्रू निघाला. पण जायला पाऊण तास, तिथे कुणी जोडून देईपर्यंत आणखी अर्धा. चार पानं ती कधी करणार?

डिस्क सुनेने रुमालात गुंडाळली, पिशवीत टाकली, चपला घातल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

"थांब," अण्णा दारात येऊन म्हणाले.

"अण्णा, वेळ नाहीये मला."

"मी खोटं बोललो त्याला. नऊ लावल्यात. बोर्डाला सहाच भोकं आहेत."

ती वर बघत राहिली. "मग मगाशी हो का म्हणालात?"

"लाज वाटली."

जिन्यात कुणीतरी वर येत होतं. सून बाजूला झाली, त्या माणसाला जाऊ दिलं, आणि मग परत वर आली. पिशवीतून डिस्क काढून तिने टेबलावर ठेवली.

"आता काढा की," माई म्हणाल्या. "तोंडं काय बघताय एकमेकांची."

पुन्हा सगळ्या वायरी सुटल्या. सुनेने मोबाइलचा उजेड धरला. एक स्क्रू निसटून डब्यात पडला तो सुनेनेच बोटांच्या चिमटीत काढून दिला. बोर्ड उचलला तेव्हा त्याच्या पाठीवर तीन बारीक गोल ओरखडे दिसले. दोघांनीही ते पाहिले. बोर्ड जळला असला तर? अण्णांनी तीन खुंट्या काढून बोर्ड पुन्हा बसवला, वायरी जोडल्या, टेबलावरची डिस्क जागी लावली.

बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला. पुढेही फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर तारीख चुकल्याची तक्रार उमटली, सुनेने ती सरळ धुडकावली, आणि तिची फाइल उघडली तेव्हा तीनला पाच मिनिटं होती.

"अण्णा, मागे उभे राहू नका ना."

ते स्वयंपाकघरात गेले. तिथून पंख्याचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून परत दाराशी आले. आवाज जरा बदलला की ते कान टवकारायचे. माईंनी पुढे केलेला चहा हातातच निवला. चार वाजले. सव्वाचार. कीबोर्डची बटणं वाजत होती. मध्येच थांबली की ते दाराची चौकट धरून उभे राहत.

पावणेपाचला सून खुर्चीत मागे रेलली. "गेलं."

"सगळं?"

"सगळं. पोचल्याचं त्याचं उत्तरही आलं."

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण तिने मोबाइल उचलून त्यांच्यापुढे धरला.

"लावा."

"कुणाला?"

"दुकानदाराला. त्याला भंगारवाला म्हणाले मी."

"तू लाव ना. मी बोलतो मग."

"नाही अण्णा. तुम्हीच लावा."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नंबर दाबला. पलीकडे घंटी वाजत राहिली. दोनदा त्यांना वाटलं, उचलत नाही वाटतं, आणि दोनदा त्याचं बरं वाटल्याची त्यांना शरम वाटली.

"बोला," पलीकडून थकलेला आवाज आला. "आता काय जळलं?"

"काही जळलं नाही. चालू झाला." अण्णा म्हणाले. "ऐका, तुमचा सप्लाय चांगला आहे. मगाशी तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हा..."

"एक मिनिट हं, गिऱ्हाईक आहे समोर. धरून ठेवा."

अण्णा फोन कानाला लावून खोलीच्या मधोमध उभे राहिले. पलीकडे कुणीतरी कीबोर्डची किंमत पाडून मागत होतं. सून बघत होती, माई बघत होत्या, आणि अण्णा अर्धं राहिलेलं वाक्य ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून जुळवत होते.