शब्दाला जागणे

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत एक नियम होता: प्रत्येक मराठी प्रतिशब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला असला पाहिजे. कार्डाच्या तळाशी ते वाक्य आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय लिहायचा. उजव्या कोपऱ्यात कार्ड करणाऱ्याची आद्याक्षरे. टायपिस्टबाई एकोणीस वर्षे इतरांची कार्डे टंकत होत्या. त्या कोपऱ्यात त्यांची अक्षरे कधी आली नव्हती.

यंदा उपसंपादकाची जागा रिकामी झाली आणि मुख्य संपादकांनी परीक्षा म्हणून 'ऑनर'चे सारे कुटुंब त्यांच्या हवाली केले. 'ऑनरेबल' म्हणजे माननीय, 'ऑनरेरियम' म्हणजे मानधन. 'ऑनररी' म्हणजे मानद, हे ऐकून शिपाईकाका म्हणाले, "म्हणजे मान मोठा आणि पगार खोटा!" बाईंनी तेही टिपून घेतले.

अडले ते 'टू ऑनर अ प्रॉमिस'पाशी. दहा दिवस कान टवकारूनही काही हाती लागेना. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी 'वचनाचा सन्मान करणे' असे लिहिले, खाली एक वाक्य रचले आणि ते बोलणारा एक दुकानदारही जन्माला घातला.

तेवीसच्या तेवीस कार्डे मंजूर झाली. संपादक म्हणाले, "सोमवारपासून तुमचं टेबल खिडकीपाशी."

रविवारी बाईंचे वडील, बसडेपोतले निवृत्त मेकॅनिक, फोनवर जुन्या सोबत्याला सांगत होते, "शिंपी दिल्या शब्दाला जागला हो! शनिवारी देतो म्हणाला, शनिवारी कोट हातात. नाहीतर तू! तुझा शनिवार अजून उजाडायचाय."

भाजी चिरता चिरता बाईंचा हात थांबला.

सोमवारी त्यांनी संपादकांसमोर दोन कार्डे ठेवली. "हे जुनं, हे नवं. जुन्यातला दुकानदार कुठेच नाही, सर. मी रचलाय."

संपादकांनी चष्मा काढला. "नवं कार्ड गुपचूप आत सरकवलं असतंत तर?"

"कपाटापर्यंत गेले होते."

"मग?"

"कपाटाची किल्ली विश्वासानं माझ्याकडेच दिलेली असते ना, सर."

संपादकांनी चष्मा पुन्हा लावला. म्हणाले, "एक कार्ड खोटं, तर सगळा गठ्ठा परत आणि वर्षभर बढती नाही. नियम तुम्हीच टंकलाय."

"हो, सर. दोनदा."

"नवं मात्र ठेवून जा." त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले. "आणि कोपरा कोरा का? कार्ड तुमचंच आहे."

बाईंनी उभ्याउभ्याच आपली दोन अक्षरे लिहिली. मग त्या आपल्या दाराजवळच्या टेबलापाशी गेल्या आणि ताठ बसून टंकू लागल्या. शिपाईकाकांनी न मागता चहा आणून ठेवला.

संध्याकाळी वडिलांनी विचारले, "काय गं, मिळाली खिडकी?"

"नाही, बाबा. तुमचं वाक्य मात्र कोशात लागलं." बाईंनी सगळे सांगितले, दुकानदारासकट.

वडील ऐकत राहिले. मग त्यांनी नव्या कोटाची बटणे लावली, जणू कुणी भेटायलाच येणार होते. "माझं नाव छापतील?"

"नाव नाही. नुसतं 'निवृत्त मेकॅनिक'."

"हेड मेकॅनिक," वडील म्हणाले. "खोटं कशाला लिहायचं?"

मंगळवारी सकाळी, पहिल्या कामाआधी, बाईंनी परवानगी घेऊन तेवढी एक दुरुस्ती केली.